लाम्बर्ट टेन काटे

लाम्बर्ट टेन काटे (२३ जानेवारी १६७४ – १४ डिसेंबर १७३१) हे ॲम्स्टरडॅम येथील डच भाषाभ्यासक, धान्यव्यापारी कुटुंबातील विद्वान, कलासंग्राहक आणि निसर्गविज्ञानाचे हौशी अभ्यासक होते. डच भाषेची ध्वनिव्यवस्था आणि तिचा इतिहास यांचा पद्धतशीर अभ्यास प्रथम करणाऱ्यांत त्यांची गणना होते. डचमधील ज्या क्रियापदांना तोवरचे व्याकरणकार अनियमित म्हणून बाजूला सारीत, त्यांच्या स्वरबदलात निश्चित नियम आहेत आणि तेच नियम गॉथिक, प्राचीन इंग्लिश, जर्मन व आइसलँडिक या भगिनीभाषांतही आढळतात, हे त्यांनी दाखवून दिले. १७२३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ एकोणिसाव्या शतकातील तुलनात्मक भाषाशास्त्राची पूर्वपीठिका मानला जातो. डच शब्दांच्या लेखनपद्धतीवरही त्यांच्या निरीक्षणांचा दीर्घकाळ प्रभाव राहिला. हा प्रभाव सर्वांनाच सुखाचा झाला असे मात्र नाही.

(या लेखात डच शब्द देवनागरीत उच्चारानुसार दिले आहेत. डच लिपीतील 'जी' या अक्षराचा घशातून घर्षणाने होणारा उच्चार 'ख' या अक्षराने दाखविला आहे. तो मराठीतील महाप्राण 'ख' नव्हे, फारसीतून आलेल्या 'ख़'च्या जवळचा आहे.)

कुटुंब आणि परिसर

टेन काटे यांचा जन्म ॲम्स्टरडॅममधील एका मेनोनाइट कुटुंबात झाला. वडिलांचे नाव हेर्मान. डच रिवाजाप्रमाणे लाम्बर्ट यांच्या नावापुढे 'हेर्मानचा मुलगा' या अर्थाचे 'हेर्मान्स' हे पद लावले जाई. मेनोनाइट हा प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथ प्रौढ वयात बाप्तिस्मा घेणारा, शपथ न घेणारा आणि शस्त्र न धरणारा होता. त्या काळच्या डच प्रजासत्ताकात सरकारी अधिकारपदे अधिकृत सुधारित चर्चच्या अनुयायांसाठीच असत. त्यामुळे मेनोनाइट कुटुंबे व्यापार, उद्योग आणि वैद्यकी यांकडे वळत. टेन काटे यांचे वडील धान्याचा व्यापार करीत आणि तरुण लाम्बर्टही काही काळ त्यांच्यासोबत त्याच धंद्यात होते. पुढे धंद्यातून लक्ष काढून त्यांनी आपला बहुतेक वेळ अध्ययनाला दिला. ते कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. त्यांचे सर्व संशोधन घरी, स्वतःच्या ग्रंथसंग्रहाच्या व मित्रांच्या आधारे झाले.

या मित्रांपैकी आड्रियान व्हेरव्हेर (सुमारे १६५५–१७१७) यांचा त्यांच्या जडणघडणीत मोठा वाटा होता. व्हेरव्हेर हेही मेनोनाइट व्यापारीच. न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' मन लावून वाचणाऱ्या हॉलंडमधील पहिल्या मोजक्या वाचकांत ते होते. १७०७ साली त्यांनी डच भाषेचे व्याकरण लॅटिनमध्ये, स्वतःचे नाव न देता प्रसिद्ध केले. भाषेचे नियम कोणा एका कवीच्या प्रयोगांवरून ठरवू नयेत, जुने दस्तऐवज आणि सर्वसाधारण भाषाव्यवहार यांतून शोधावेत, असा त्यांचा आग्रह होता. टेन काटे यांनी हाच आग्रह उचलला आणि त्याला कितीतरी अधिक भक्कम पुराव्याची जोड दिली.

तत्कालीन व्याकरणविचार

टेन काटे यांच्या कार्याचे महत्त्व समजण्यासाठी त्या वेळचे वातावरण ध्यानात घ्यावे लागते. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये साहित्याला बहर आला होता. होफ्ट आणि फोंडल या दोन कवींचा अधिकार एवढा मानला जाई की, एखादे रूप शुद्ध की अशुद्ध हे त्यांच्या काव्यात ते सापडते की नाही यावरून ठरविले जाई. १७०० साली डेव्हिड फान होखस्ट्राटन यांनी नामांच्या लिंगांची यादी याच दोन कवींच्या प्रयोगांवरून तयार केली. १७०६ साली आर्नोल्ड मोनन यांचे व्याकरण निघाले, तेही लिहिणाऱ्याने काय करावे हे सांगणारे होते. भाषा प्रत्यक्षात कशी आहे याचा शोध घेणे हा व्याकरणकाराचा उद्योग समजला जात नसे.

व्युत्पत्तीच्या प्रांतात तर मोकाट रान होते. सोळाव्या शतकात गोरोपियस बेकानस या वैद्याने अँटवर्पच्या परिसरातील बोली हीच ॲडमची, म्हणजे मानवजातीची मूळ भाषा, असे प्रतिपादन केले होते. शब्दातील एखादे अक्षर काढावे, एखादे घालावे, दोन अक्षरांची अदलाबदल करावी, आणि हवा तो शब्द हव्या त्या भाषेतून निघाला असे सांगावे, अशी ही पद्धत होती.

ध्वनींच्या अभ्यासाची परंपरा मात्र हॉलंडमध्ये अगदीच नव्हती असे नाही. १६३५ साली पेट्रस मोंटानस यांनी उच्चारशास्त्रावर एक सूक्ष्म ग्रंथ लिहिला होता, पण त्यांनी स्वतः घडविलेली परिभाषा इतकी अवजड होती की तो ग्रंथ दुर्लक्षित राहिला. १६९२ साली योहान कोनराड अमान या स्विस वैद्यांनी ॲम्स्टरडॅममध्ये बहिऱ्यांना बोलायला शिकविण्याच्या पद्धतीवर पुस्तक काढले. जीभ, ओठ, टाळू आणि कंठ यांच्या हालचालींचे त्यात बारकाईने वर्णन होते. बहिऱ्या मुलाला ध्वनी ऐकवता येत नाही, तो कसा घडतो हेच दाखवावे लागते. त्यामुळे उच्चारशास्त्राला या कामातून मोठी चालना मिळाली.

ध्वनिशास्त्रावरील प्रबंध

१६९९ मध्ये, वयाच्या पंचविशीत, टेन काटे यांनी ध्वनिशास्त्रावर एक प्रबंध लिहिला. तो त्यांच्या हयातीत स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला नाही. त्यातील बराच विचार त्यांनी पुढे आपल्या मुख्य ग्रंथात सामावून घेतला. मूळ हस्तलिखित जवळजवळ दोनशे वर्षे अप्रकाशित राहून १८९६ साली मुद्रित झाले. अक्षर आणि ध्वनी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि अभ्यासकाने आधी ध्वनीकडे पाहावे, ही या प्रबंधामागील मूळ भूमिका आहे.

डच भाषेच्या बाबतीत हा भेद फार कळीचा आहे. या भाषेत शब्दाच्या अखेरीस घोष व्यंजन टिकत नाही, ते अघोष होते. 'कुत्रा' या अर्थाचा शब्द लिहिताना अखेरीस 'ड' लिहितात, पण उच्चार 'हॉन्ट' असा होतो. अनेकवचनात मागे स्वर आला की 'हॉन्डन' असा 'ड' पुन्हा प्रकट होतो. 'घर' या शब्दाचे एकवचन 'हउस' आणि अनेकवचन 'हउझन'. गंमत अशी की पहिल्या उदाहरणात लेखन मूळ 'ड'ला धरून राहते, तर दुसऱ्यात उच्चाराप्रमाणे 'स' आणि 'झ' असे बदलते. म्हणजे एकाच ध्वनिनियमाला लेखनाने दोन वेगवेगळे न्याय लावले आहेत. केवळ लिखित रूपावर विसंबणाऱ्याला हा नियम एकच आहे हे कळणारच नाही.

टेन काटे यांनी यासाठी दोन प्रकारच्या लेखनांचा विचार मांडला. एक लेखन अभ्यासकाचे, प्रत्येक ध्वनिभेद अचूक नोंदविणारे. दुसरे नागरी लेखन, दैनंदिन व्यवहारासाठी रूढ झालेले. पहिल्याचा हट्ट दुसऱ्यावर लादू नये, ही त्यांची समज काळाच्या पुष्कळच पुढे होती.

गॉथिक भाषेचा शोध

चौथ्या शतकात बिशप वुल्फिला यांनी बायबलचे गॉथिक भाषेत भाषांतर केले. त्याचा मोठा भाग 'रजतग्रंथ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या व सोन्याच्या शाईने लिहिलेल्या हस्तलिखितात टिकून आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास ही पोथी स्वीडनहून इसाक फोसियस यांच्याकडे हॉलंडमध्ये आली. ती स्वीडनला परत गेली, परंतु तत्पूर्वी फोसियस यांचे मामा फ्रान्सिस्कस युनियस यांनी तिची नक्कल करून घेतली आणि १६६५ साली डॉर्ड्रेख्ट येथे ती छापून प्रसिद्ध केली. जर्मॅनिक कुळातील एवढा जुना आणि सलग मजकूर दुसरा उपलब्ध नव्हता. पुस्तक छापले गेले होते खरे, परंतु त्यातून भाषेचा इतिहास वाचून दाखविणारा अभ्यासक अजून यायचा होता.

टेन काटे यांनी हे गॉथिक बायबल शब्दशः पिंजून काढले. १७१० साली त्यांनी गॉथिक आणि डच यांच्यातील नाते दाखविणारी एक छोटी पुस्तिका पत्ररूपाने प्रसिद्ध केली. तिच्यात क्रियापदांची वर्गवारी करून त्यांनी दाखविले की, डचमध्ये ज्या क्रियापदांचा स्वर काळानुसार पालटतो, त्यांचा गॉथिकमध्येही पालटतो. तोही वाटेल तसा नव्हे, त्या त्या वर्गाला नेमून दिलेल्या रीतीने. आकाराने लहान असलेल्या या पुस्तिकेत त्यांच्या पुढील सर्व कार्याचे बीज आहे.

मुख्य ग्रंथ (१७२३)

१७२३ साली ॲम्स्टरडॅमच्या वेटस्टाइन या प्रकाशनगृहाने त्यांचा मोठा ग्रंथ दोन खंडांत काढला. त्याच्या लांबलचक शीर्षकाचा आशय 'डच भाषेच्या उदात्त भागाच्या ज्ञानाची प्रस्तावना' असा आहे. उदात्त भाग म्हणजे रोजच्या शुद्धाशुद्धतेपलीकडचा, भाषेच्या अंतरंगातील व्यवस्थेचा भाग. पहिला खंड दोन मित्रांच्या संवादांच्या रूपात आहे. एक शंका विचारतो, दुसरा उलगडून सांगतो. दुसऱ्या खंडात प्रामुख्याने व्युत्पत्तीचा विस्तार आहे. ग्रंथ वाचायला सोपा नाही. संवादाची चौकट पुष्कळदा नावापुरती राहते आणि याद्यांमागून याद्या येत राहतात. पण त्या याद्यांतच त्याचे सामर्थ्य आहे, कारण लेखक प्रत्येक विधानासाठी उदाहरणांचा ढीग पुढे ठेवतो.

ग्रंथातील सर्वांत महत्त्वाचा भाग क्रियापदांविषयीचा आहे. डच व्याकरणात क्रियापदांचे 'समप्रवाही' आणि 'विषमप्रवाही' असे दोन गट मानीत. समप्रवाही क्रियापद स्वर न बदलता प्रत्यय लावून भूतकाळ करते. विषमप्रवाही क्रियापदात मूळ स्वरच बदलतो. 'बांधणे' या अर्थाच्या क्रियापदाची रूपे 'बिंडन – बॉन्ट – खबॉन्डन' अशी होतात, 'गाणे'ची 'झिंगन – झोंग – खझोंगन', 'देणे'ची 'खेव्हन – खाफ – खखेव्हन', 'राहणे'ची 'ब्लैव्हन – ब्लेफ – खब्लेव्हन'. व्याकरणकार ही रूपे अपवाद म्हणून पाठ करायला सांगत. टेन काटे यांनी ती वर्गांत लावली आणि प्रत्येक वर्गाचा स्वरक्रम ठरावीक असल्याचे सिद्ध केले. मग त्याच क्रियापदांची गॉथिक, प्राचीन उच्च जर्मन, अँग्लो-सॅक्सन, त्यांच्या काळची जर्मन आणि आइसलँडिक रूपे शेजारी ठेवली. प्रत्येक भाषेचे स्वर वेगळे, पण वर्ग तेच. ज्यांना अनियमित म्हणून हिणवले गेले, तीच क्रियापदे भाषेतील सर्वांत जुनी आणि सर्वांत शिस्तबद्ध ठरली.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. 'तुटणे–तोडणे', 'फुटणे–फोडणे', 'पडणे–पाडणे', 'मरणे–मारणे' या जोड्यांत प्रत्ययापेक्षा धातूतील स्वरच अर्थाचे काम करतो. संस्कृत वैयाकरणांनी गुण आणि वृद्धी या संज्ञांनी याच प्रकारच्या स्वरबदलाची व्यवस्था कितीतरी आधी लावली होती. आज आपल्याला माहीत आहे की संस्कृतातील गुण-वृद्धी आणि जर्मॅनिक भाषांतील हा स्वरपालट एकाच प्राचीन इंडो-युरोपीय वारशाच्या शाखा आहेत. टेन काटे यांना संस्कृतचा परिचय नव्हता. विल्यम जोन्स यांचे कोलकात्यातील सुप्रसिद्ध व्याख्यान १७८६ सालचे, म्हणजे टेन काटे यांच्या मृत्यूनंतर पंचावन्न वर्षांनी झालेले. पाणिनीच्या परंपरेचा आधार नसताना, केवळ उत्तर युरोपातील भाषांच्या तुलनेवरून ते त्याच व्यवस्थेच्या एका टोकापर्यंत पोहोचले होते.

हा स्वरपालट क्रियापदांपुरता नाही, हेही त्यांनी ओळखले. 'बिंडन'पासून 'बान्ट' (पट्टा), 'बॉन्ट' (संघ) आणि 'बंडल' (मोळी) हे शब्द येतात, आणि त्यांतील स्वर क्रियापदाच्या स्वरक्रमाशी नाते सांगतात. त्यामुळे व्युत्पत्तीला एक कसोटी मिळाली. दोन शब्द एका मुळाचे आहेत असे म्हणायचे असेल, तर त्यांच्या स्वर-व्यंजनांतील प्रत्येक फरकाला नियम दाखविता आला पाहिजे. नियम दाखविता येत नसेल तर एक अक्षरही इकडचे तिकडे करण्याचा अधिकार अभ्यासकाला नाही, अशी बंधने त्यांनी स्वतःवर घालून घेतली. भाषेचे नियम शोधायचे असतात, बनवायचे नसतात, ही त्यांची धारणा संपूर्ण ग्रंथभर दिसते. बेकानसच्या व्युत्पत्तींची मौज वाटणाऱ्या काळात ही शिस्त नवी होती.

भाषेच्या वापराच्या पातळ्यांविषयीही त्यांनी विवेचन केले आहे. उदात्त, भारदस्त आणि घरगुती अशा तीन शैली मानून, एका शैलीत चुकीचे ठरणारे रूप दुसऱ्या शैलीत स्वाभाविक असू शकते, असे त्यांनी दाखविले.

तीव्र आणि सौम्य दीर्घ स्वर

टेन काटे यांच्या ध्वनिनिरीक्षणांपैकी ज्याचा परिणाम सर्वसामान्य डच माणसाच्या जीवनावर झाला, ते निरीक्षण दीर्घ 'ए' आणि दीर्घ 'ओ' या स्वरांविषयीचे आहे.

ॲम्स्टरडॅमच्या बोलीत 'हेटन' (नाव असणे) आणि 'एटन' (खाणे) या दोन शब्दांतील 'ए' सारखाच ऐकू येई. 'लोपन' (चालणे) आणि 'ओपन' (उघडे) यांतील 'ओ'ही सारखाच. परंतु मास नदीच्या मुखाकडील मासस्लाउस गावी आणि झीलंड प्रांतात लोक या स्वरांचा उच्चार वेगवेगळा करीत. टेन काटे यांनी या बोलींकडे गावंढळ म्हणून पाहिले नाही. राजधानीसारख्या शहराने गमावलेला भेद मच्छीमारांच्या गावाने सांभाळून ठेवला आहे, हे त्यांनी ताडले. या दोन प्रकारांना त्यांनी तीव्र दीर्घ आणि सौम्य दीर्घ अशी नावे वापरली.

मग त्यांनी हा भेद गॉथिकशी ताडून पाहिला. 'हेटन'चे गॉथिक रूप 'हैटान', तर 'एटन'चे 'इटान'. 'लोपन'चे गॉथिक रूप 'ह्लौपान'. जर्मनमध्ये पाहिले तर 'हाइसन' आणि 'एसन', 'लाउफन' आणि 'ऑफन'. म्हणजे जिथे मुळात संयुक्त स्वर होता तिथे तीव्र दीर्घ, आणि जिथे मुळात ऱ्हस्व स्वर असून तो पुढे मुक्त अवयवात लांबला तिथे सौम्य दीर्घ. एका खेड्याची जिवंत बोली आणि तेराशे वर्षांपूर्वीचे बायबल एकमेकांची साक्ष देत होते. बोलीचा पुरावा आणि प्राचीन ग्रंथाचा पुरावा एकत्र तपासण्याची ही पद्धत आजच्या ऐतिहासिक ध्वनिविचारात सर्रास वापरली जाते. टेन काटे यांच्या काळी तिचे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही.

या शोधाला पुढे अनपेक्षित फळ आले. १८०४ साली लायडन विद्यापीठातील डचचे पहिले प्राध्यापक मातायस सीखनबेक यांनी तयार केलेली लेखनपद्धती शासनाने स्वीकारली. तिच्यात टेन काटे यांनी वर्णिलेला तीव्र-सौम्य भेद लेखनात दाखविण्यात आला. डच लेखनात साधारण नियम असा की बंद अवयवात दीर्घ स्वर दोन अक्षरांनी आणि मुक्त अवयवात एका अक्षराने लिहावा. 'चंद्र' या अर्थाचा 'मान' हा शब्द दोन 'ए' अक्षरे घालून लिहितात, पण त्याचे अनेकवचन 'मानन' लिहिताना एकच. नव्या पद्धतीत तीव्र 'ए' व 'ओ' यांना या नियमातून वगळण्यात आले. 'स्टेन' (दगड), 'बोम' (झाड) यांच्या अनेकवचनांत दोन अक्षरे कायम ठेवायची, आणि 'एटन', 'ओपन' यांत मात्र एकच. १८६० च्या दशकातील डे फ्रीस आणि टे विंकल यांच्या लेखनपद्धतीनेही हे सूत्र चालू ठेवले.

ज्या मुलाच्या तोंडी हा भेदच नाही, त्याने तो कसा लिहायचा? बहुसंख्य मुलांना प्रत्येक शब्द पाठ करण्याशिवाय गत्यंतर नव्हते. मराठीतील इकार-उकारांचे ऱ्हस्व-दीर्घ ज्यांनी कानाने नव्हे तर नियमाने शिकले, त्यांना या मुलांची अडचण सहज उमजेल. लेखन अवघड असल्याची तक्रार वाढत गेली. १८९१ साली ॲम्स्टरडॅममधील शिक्षक आर. ए. कोलेव्हाइन यांनी सोप्या लेखनाची मागणी मांडली आणि तिच्यातून चळवळ उभी राहिली. अखेर १९३४ साली शिक्षणमंत्री मार्शां यांच्या काळात शाळांतून हा भेद काढून टाकण्यात आला. दुसऱ्या महायुद्धानंतर बेल्जियमने १९४६ साली आणि नेदरलँड्सने १९४७ साली सुधारित लेखनाला अधिकृत मान्यता दिली.

या प्रकरणात दोष टेन काटे यांना देणे अन्यायाचे ठरेल. अभ्यासकाचे लेखन आणि नागरी लेखन यांत फरक करावा हे त्यांनीच सांगितले होते. त्यांच्या निरीक्षणाचे नियमात रूपांतर पुढच्या पिढ्यांनी केले. विशेष म्हणजे ज्यांचा उच्चार आज प्रमाण डचमध्ये अगदी एकसारखा होतो अशा दोन 'ऐ'कारांचे वेगवेगळे लेखन मात्र अद्याप चालू आहे आणि शालेय शुद्धलेखनात मुले त्यात अजूनही चुकतात.

निसर्गविज्ञान आणि कला

टेन काटे यांची जिज्ञासा भाषेपुरती मर्यादित नव्हती. १७१६ साली त्यांनी जॉर्ज चेन या स्कॉटिश वैद्यांच्या निसर्गतत्त्वज्ञानविषयक इंग्लिश ग्रंथावर आधारित डच पुस्तक प्रसिद्ध केले. सृष्टीतील नियमबद्धतेतून निर्मात्याची ओळख पटवावी, हा त्याचा हेतू. न्यूटनच्या विचारांचा डच भाषेत प्रसार करणाऱ्या आरंभीच्या लेखनात त्याचा समावेश होतो. लोलकाने प्रकाशाचे रंग वेगळे करण्याचे प्रयोगही त्यांनी केले. त्यांविषयीचा लेख त्यांच्या मृत्यूनंतर छापला गेला. रंगीत छपाईचा प्रणेता याकोब क्रिस्टोफ ले ब्लों याच्याशी त्यांचा स्नेह होता. भाषेतील नियम प्रयोगशाळेतील नियमांप्रमाणे निरीक्षणातून हाती लागले पाहिजेत, ही त्यांची वृत्ती या वातावरणात घडली.

चित्रे, रेखाटने आणि प्राचीन शिल्पांचे साचे यांचा मोठा संग्रह त्यांनी जमविला होता. इंग्लिश चित्रकार जोनाथन रिचर्डसन आणि त्यांचे पुत्र यांच्या कलाविषयक लेखनाचे फ्रेंच भाषांतर १७२८ साली ॲम्स्टरडॅममध्ये निघाले, त्यात टेन काटे यांचा सहभाग होता आणि आदर्श सौंदर्यावरील त्यांचा निबंधही त्यात होता. ले ब्लों यांनी तो १७३२ साली लंडनमध्ये इंग्लिशमध्ये आणला. पुढे विल्यम होगार्थ यांनी १७५३ सालच्या आपल्या सौंदर्यविषयक ग्रंथाच्या प्रस्तावनेत या निबंधाचा परामर्श घेतला, तो टीकेच्या सुरात. इंग्लंडमध्ये त्यामुळे टेन काटे यांचे नाव दीर्घकाळ भाषाभ्यासक म्हणून नव्हे, तर कलामीमांसक म्हणूनच माहीत होते.

१४ डिसेंबर १७३१ रोजी ॲम्स्टरडॅम येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या कलासंग्रहाचा नंतर लिलाव झाला.

उपेक्षा आणि पुनर्मूल्यांकन

अठराव्या शतकात टेन काटे यांचा ग्रंथ हॉलंडमध्ये आदराने उल्लेखिला जाई, पण त्याची पद्धत पुढे नेणारे थोडे होते. बाल्टाझार हउडेकोपर यांनी १७३० साली फोंडलच्या भाषेची चिकित्सा करताना जुन्या डच ग्रंथांचा पुरावा वापरला, परंतु त्यांचा भर पुन्हा शुद्धाशुद्धतेवरच राहिला. देशाबाहेर तर ग्रंथ पोहोचलाच नाही म्हणावे लागेल. विद्वानांची भाषा लॅटिन होती आणि टेन काटे यांनी हेतुतः डचमध्ये लिहिले. आपल्या भाषेची थोरवी सांगणारा ग्रंथ आपल्या भाषेतच असावा हे योग्यच, पण त्याची किंमत त्यांना मोजावी लागली.

सुमारे शंभर वर्षांनी, १८१९ साली, याकोब ग्रिम यांच्या जर्मन व्याकरणाचा पहिला खंड निघाला. सबल आणि दुर्बल क्रियापदे या संज्ञा व स्वरपालटासाठीची जर्मन संज्ञा ग्रिम यांच्यामुळे जगभर रूढ झाली. ग्रिम यांनी टेन काटे यांचे काम वाचले होते आणि त्याची दखल घेतली होती. तरीही पाठ्यपुस्तकांत या शोधाला ग्रिम यांचेच नाव चिकटले. विसाव्या शतकात भाषाशास्त्राच्या इतिहासाचा स्वतंत्र अभ्यास सुरू झाल्यावर डच संशोधकांनी टेन काटे यांचे लेखन पुन्हा तपासले, आणि त्यांचा मोठा ग्रंथ नव्याने उपलब्ध झाला.

डच ध्वनींचा अभ्यास दरम्यान पुष्कळ बदलला. १९३९ साली निकोलास फान वेइक यांनी प्राग संप्रदायाच्या पद्धतीने ध्वनिविचारावर डच भाषेत पुस्तक लिहिले. त्यानंतर कोणता ध्वनिभेद अर्थ बदलतो आणि कोणता नाही, हा प्रश्न केंद्रस्थानी आला. 'मन' (पुरुष) आणि 'मान' (चंद्र) यांतील फरक लांबीचा की जिभेच्या ताणाचा, हा वाद आजही अभ्यासक घालतात. ध्वनिमुद्रण आणि उपकरणांनी मोजमाप सोपे केले. नेदरलँड्स व बेल्जियममधील शेकडो गावांच्या बोलींच्या पाहणीतून १९९८ ते २००५ या काळात डच बोलींचा ध्वनिविषयक नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. आधुनिक बोलीअभ्यासाने तीव्र व सौम्य दीर्घ स्वरांचा भेद नैर्ऋत्येकडील बोलींत, विशेषतः झीलंड व फ्लँडर्सच्या भागांत, नोंदविला आहे.